धक्का कोण खातो, हेलकावा कोण थांबवतो?

पावसाळा सरत आला की आपल्याकडच्या रस्त्यांची काय अवस्था होते, हे तुम्हांला सांगायला नको. २००४ सालच्या अशाच एका भाद्रपदात मी माझ्या मामांच्या जुन्या गाडीतून पुण्याहून वाईला चाललो होतो. गाडी प्रीमियर पद्मिनी, वीस वर्षांची. मामा तिला जिवापाड जपत. वाईच्या अलीकडे रस्ता जरा उखडलेला होता आणि तेथेच एक म्हैस आडवी आली. मामांनी ब्रेक दाबला. वेग काही फार नव्हता. पण गाडीचे मागचे अंग दोनदा उडाले आणि सरळ थांबण्याऐवजी डावीकडे सरकले. म्हैस वाचली, आम्हीही वाचलो. गाडी मात्र एक चाक चरात टाकून तिरकी उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी मामा गाडी घेऊन मिस्त्रींकडे गेले. "ब्रेक बघा," म्हणाले. मिस्त्रींनी ब्रेक पाहिले. ते ठीक होते. मागच्या टायरांवरून त्यांनी हात फिरवला आणि मान हलवली. मग डिकीवर दोन्ही हातांनी भार देऊन गाडी खाली दाबली आणि एकदम सोडली. गाडी खाली-वर, खाली-वर अशी चांगली चार वेळा डोलली.

"ब्रेकला कशाला बोल लावता, काका? मागचे दोन्ही शॉकअप गेलेत!"

मला नवल वाटले. शॉकअप, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर, बसणाऱ्यांना धक्के लागू नयेत म्हणून असतो, अशी माझी समजूत होती. गाडी थांबण्याशी त्याचा काय संबंध? तुमचीही समजूत अशीच असेल, तर चला, आपण या प्रश्नाच्या मुळाशी जाऊ.

नावात घोटाळा आहे

शॉक ॲब्सॉर्बर म्हणजे धक्का शोषून घेणारा. पण खरे पाहता धक्का झेलण्याचे काम स्प्रिंग करते. पद्मिनीच्या मागच्या बाजूला दोन्ही चाकांना जोडणारी एक भक्कम आडवी आस असते. तिला आपण ॲक्सल म्हणतो. या आसेवर दोन्ही बाजूंना एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची कमान असते आणि त्या कमानींवर गाडीचे अंग पेललेले असते. चाक उंचवट्यावर चढले की कमान दबते. चाक झटकन वर जाते, पण गाडीचे अंग तितक्या झटकन वर उचलले जात नाही. धक्का कमानीने खाल्ला.

खाल्ला खरा, पण पचवला नाही! दबलेल्या स्प्रिंगेत स्थितिज ऊर्जा साठते. रॉबर्ट हूक या इंग्लिश शास्त्रज्ञाने १६७८ साली प्रसिद्ध केलेला नियम तुम्ही शिकला आहात: स्प्रिंग जितकी ताणावी किंवा दाबावी, तितक्या प्रमाणात तिचा प्रतिकार वाढतो. साठलेली ही ऊर्जा स्प्रिंग लगेच परत करते. गाडीचे अंग वर उसळते, मूळ पातळी ओलांडून जाते, पुन्हा खाली येते, पुन्हा वर जाते. धक्का एकच, हेलकावे मात्र अनेक. हे हेलकावे थांबवणे, म्हणजे ऊर्जा स्प्रिंगकडून काढून घेऊन तिची उष्णता करून टाकणे, हे शॉकअपचे काम आहे. म्हणून त्याला धक्काशोषक म्हणण्यापेक्षा दोलनशामक म्हणणे अधिक बरोबर ठरेल. दोलनाचा आवाका असा कमी कमी होत जाण्याला भौतिकीत अवमंदन म्हणतात.

हेलकाव्याचा हिशेब

आता कागद-पेन्सिल घ्या. समजा, एका मागच्या चाकाच्या कमानीवर गाडीचा २५० किलोग्रॅमचा वाटा आहे आणि त्या भाराने कमान १० सेंटिमीटर दबून स्थिर झाली आहे. मग गाडी किती वेळात एक हेलकावा घेईल? याचे उत्तर मोठे गमतीचे आहे. भाराने स्प्रिंग जितकी दबते, तितक्याच लांबीच्या साध्या लंबकाचा जो दोलनकाल, तोच स्प्रिंगवरच्या भाराचा दोलनकाल! ०.१ ला ९.८ ने भागा, वर्गमूळ काढा आणि ६.२८ ने गुणा. उत्तर येते सुमारे ०.६३ सेकंद. गाडी सेकंदाला सुमारे दीड हेलकावा घेईल.

चाक एका खड्ड्यातून गेले आणि गाडी मूळ पातळीपासून ५ सेंटिमीटर हलली, असे धरू. शॉकअप चांगला असेल, तर एका पूर्ण हेलकाव्यानंतर दोलनाचा आवाका साधारण एक-पंचमांश उरतो: ५ सेंटिमीटरचा १, आणि १ चा ०.२. दोन हेलकाव्यांत गाडी शांत. शॉकअप झिजलेला असेल आणि दर हेलकाव्याला आवाका निम्म्याहून किंचित अधिक उरत असेल, तर ५ चे २.७, मग १.४, मग ०.७, मग ०.४. चार हेलकावे झाले, तरी डोलणे पुरते थांबलेले नाही.

ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला १६.७ मीटर जाते. दोन हेलकाव्यांना सुमारे १.३ सेकंद लागतात. तेवढ्यात गाडी २१ मीटर गेलेली असते. चार हेलकाव्यांत ती ४२ मीटर जाते. आपल्या रस्त्यांवर ४२ मीटरांत दुसरा खड्डा येणार नाही, असे कोणी म्हणेल काय? पहिले डोलणे संपण्याआधीच दुसरे सुरू होते.

आणि खड्डे जर ठरावीक अंतराने आले, तर? झोपाळ्यावरच्या मुलाला योग्य वेळी हलकेच ढकलत राहिले की झोका वाढत जातो. यालाच अनुस्पंदन म्हणतात. ताशी ३६ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला १० मीटर जाणाऱ्या गाडीला सुमारे सव्वासहा मीटरांवर एकेक उंचवटा भेटत गेला, तर प्रत्येक उंचवटा तिला नेमका ०.६३ सेकंदाने ढकलतो. झोका वाढत जातो. त्याला आवरणारा एकच, शॉकअप.

नळीतील तेल काय करते?

शॉकअप बाहेरून साधा दिसतो: एक बंद नळकांडे आणि त्यात खाली-वर होणारा एक गुळगुळीत दांडा. नळकांड्याचे टोक आसेला आणि दांड्याचे टोक गाडीच्या अंगाला जोडलेले असते. आत तेल असते. दांड्याच्या टोकाला दट्ट्या आणि दट्ट्यात बारीक छिद्रे व झडपा. चाक वर-खाली झाले की दट्ट्या तेलातून सरकतो आणि तेलाला छिद्रांतून वाट काढावी लागते. तेथे घर्षण होते, तेल तापते आणि ती उष्णता नळकांड्यावरून वाहणाऱ्या वाऱ्यात जाते.

किती ऊर्जा? वरच्या उदाहरणातील कमान आणखी ५ सेंटिमीटर दबते तेव्हा दोलनाची ऊर्जा सुमारे ३० ज्यूल होते. एक किलोग्रॅमचा दगड ३ मीटर उंच उचलायला जेवढी लागते, तेवढी. दर सेकंदाला असा एक धक्का बसत राहिला, तर एक शॉकअप ३० वॅटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर टाकत असतो. खडबडीत रस्त्यावरून आलेल्या गाडीचे चांगले शॉकअप हाताला कोमट लागतात. एखादा अगदी गार लागला, तर समजावे की तो काम करीत नाही.

या रचनेत दोन खुब्या आहेत. पहिली खुबी अशी, की तेलाचा विरोध वेगाबरोबर वाढतो. विहिरीत पोहताना हात सावकाश फिरवला तर पाणी जाणवत नाही. जोराने मारला तर पाणी घट्ट लागते. तसेच येथे. दुसरी खुबी झडपांची. चाक वर चढताना विरोध कमी आणि चाक खाली येताना जास्त, अशी योजना असते. चाक वर जाताना ते चटकन जाऊ द्यायचे असते, नाहीतर धक्का थेट गाडीला बसेल. उलट दबलेली कमान उसळू लागते तेव्हा तिला लगाम घालायचा असतो.

एक कोडेही आहे. दांडा आत शिरला की तो जागा व्यापतो. नळकांडे तेलाने काठोकाठ भरलेले असेल, तर तेलाने जावे कोठे? तेल तर दाबले जात नाही! म्हणून पुष्कळशा शॉकअपांत एकात एक अशा दोन नळ्या असतात. जादा तेल तळाच्या झडपेतून बाहेरच्या नळीत जाते आणि दांडा बाहेर निघाला की परत येते. बाहेरच्या नळीत थोडी हवा किंवा नायट्रोजन असतो.

चाक रस्ता सोडते तेव्हा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ब्रेक ठीक असताना गाडी का घसरली?

ब्रेक चाकाला थांबवतो. गाडीला थांबवतो तो रस्ता. टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षण हेच गाडीला मागे खेचणारे बल आहे आणि टायर रस्त्यावर किती जोराने दाबलेला आहे, यावर ते अवलंबून असते. गाडी डोलत असेल, तर हा दाब सतत बदलत राहतो. अंग वर उसळताना टायर हलका होतो. चाक क्षणभर अधांतरी झाले, तर त्या क्षणी घर्षण शून्य! हलक्या झालेल्या चाकाला ब्रेक चटकन जखडून टाकतो. ते पुन्हा रस्त्याला टेकते तेव्हा फिरत नसते, नुसते फरफटत असते. फरफटणाऱ्या टायरची पकड फिरणाऱ्या टायरपेक्षा कमी असते आणि त्याला दिशाही सांभाळता येत नाही.

मागच्या चाकांची स्थिती तर अधिक नाजूक. ब्रेक दाबताच गाडी पुढे झुकते आणि मागच्या चाकांवरचा भार आधीच कमी होतो. त्यात शॉकअप मेलेले असतील, तर मागचे अंग उडते आणि बाजूला सरकते. वाईच्या रस्त्यावर आमचे नेमके हेच झाले होते.

डोलणे आणखी एका तऱ्हेचे असते. टायरमधील हवा हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे. टायर आणि कमान या दोन स्प्रिंगांच्या मध्ये चाके व आस स्वतंत्रपणे थरथरतात. सेकंदाला दहा-बारा वेळा. आडवे वळे पडलेल्या मातीच्या रस्त्यावर जो खडखडाट होतो, तो या थरथरीचा. पद्मिनीसारख्या गाडीची मागची आस डिफरन्शियलसह चांगली जड असल्याने ही थरथर आवरणे शॉकअपला कठीण जाते. शॉकअप गेला की टायर रस्त्यावर टप्प्या-टप्प्याने आपटत जातो आणि त्यावर खोलगट चट्टे पडतात. मिस्त्रींनी टायरवरून हात फिरवला तो हे चट्टे चाचपण्यासाठी. म्हणून लक्षात ठेवा: शॉकअप हा आरामाचा भाग नव्हे, तो पकडीचा भाग आहे.

दोन प्रयोग करून पाहा

प्रयोग पहिला. प्रयोगशाळेतील स्प्रिंग, किंवा तीन-चार रबरबँड एकमेकांत गुंफून केलेली साखळी, खिळ्याला टांगा. खाली एक लहान कुलूप बांधा. कुलपाखाली तारेने पत्र्याची एक चकती आडवी लटकवा. कुलूप थोडे खाली ओढून सोडा आणि ते थांबेपर्यंत किती हेलकावे होतात ते मोजा. आता चकती पाण्याच्या भांड्यात बुडेल अशी योजना करा आणि पुन्हा मोजा. मग पाण्याऐवजी एरंडेल घ्या. चकतीला छिद्रे पाडून पुन्हा करा. चारही वेळचे आकडे एका तक्त्यात मांडा.

प्रयोग दुसरा. सुई नसलेल्या नव्या इंजेक्शनच्या पिचकारीत पाणी भरा. दट्ट्या आधी सावकाश आणि मग जोराने दाबा. कोणत्या वेळी विरोध जास्त जाणवला? आता अर्धे पाणी आणि अर्धी हवा घ्या, तोंड बोटाने बंद करा आणि दाबा. दट्ट्या लुसलुशीत आत जातो. तेल गळून शॉकअपच्या दट्ट्यापाशी हवा आली की त्याचेही असेच होते.

झिजलेला शॉकअप ओळखायचा कसा?

सेकंदाला दीड हेलकावा आणि ताशी ३६ किलोमीटर वेग धरला, तर एका किलोमीटरला दट्ट्या सुमारे १५० वेळा खाली-वर होतो. ५०,००० किलोमीटरला झाले ७५ लाख! दांड्याभोवतीचे सील घासते, तेल पाझरते, झडपा सैल होतात. हे इतके हळूहळू होते, की रोज गाडी चालवणाऱ्याला काही कळतच नाही. गाडीबरोबर त्याचा हातही बदलत जातो. मामांचे असेच झाले होते.

खुणा अशा: नळकांड्यावर तेलाचा ओला ओघळ व त्यावर चिकटलेली धूळ, टायरवर खोलगट चट्टे, खड्ड्यात मागून येणारा ठक-ठक आवाज, टोकांच्या रबरी बुशांना पडलेल्या भेगा, वाकलेला दांडा. डिकी दाबून सोडण्याची परीक्षा सोपी आहे. एकदा वर येऊन गाडी स्थिर झाली पाहिजे. पण या परीक्षेत पूर्ण मेलेला शॉकअपच सापडतो, अर्धमेला निसटतो. म्हणून बाकीच्या खुणाही पाहाव्यात.

बदलण्याची रीत आणि तिच्यामागची कारणे

मिस्त्रींनी काम करताना मला शेजारी उभे राहू दिले. प्रत्येक पायरीमागे कारण होते, म्हणून ती येथे देतो. हे काम जाणत्या माणसाने करायचे; तुम्ही पाहायचे आणि प्रश्न विचारायचे.

गाडी सपाट, कठीण जमिनीवर उभी केली. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावले, कारण मागची चाके उचलल्यावर हातब्रेकचा उपयोग उरत नाही. जॅकने गाडी उचलून ती लोखंडी घोड्यांवर टेकवली. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणी कधीही जाऊ नये. जॅक उचलण्यासाठी असतो, पेलण्यासाठी नव्हे.

मग आसेखाली दुसरा जॅक हलकेच टेकवला. शॉकअप आसेला फार खालीही जाऊ देत नाही. तो सोडवला की आस लोंबते आणि ब्रेकच्या रबरी नळीला ताण बसतो. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच तेल सोडून ठेवले होते. गंजात तेल मुरायला वेळ लागतो, तेथे पान्याची जबरदस्ती केली तर बोल्ट तुटतो.

जुना शॉकअप निघाला. मिस्त्रींनी तो माझ्या हाती दिला. दांडा ओढला तर निम्मा रस्ता तो सहज आला आणि मग एकदम अडला. नवा मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखा जड. नवा बसवण्याआधी त्यांनी तो उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण ओढला आणि दाबला. दुकानात आडवा पडून आतल्या नळीत शिरलेली हवा त्यामुळे बाहेर निघते. पिचकारीचा प्रयोग आठवा!

दोन्ही बाजूंचे शॉकअप एकदमच बदलले. एक नवा आणि एक जुना ठेवला, तर एक चाक लवकर शांत होते, दुसरे डोलत राहते, आणि ब्रेक लागताच गाडी एका बाजूला ओढते. शेवटी रबरी बुशांचे बोल्ट पूर्ण आवळले ते गाडी जमिनीवर उतरवून, तिचा भार चाकांवर आल्यावर. चाके लोंबत असताना आवळले, तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

जुन्या शॉकअपमधील तेल मातीत ओतू नये. ते विहिरीच्या पाण्यापर्यंत जाऊ शकते. शॉकअप तसेच भंगारात द्यावेत. वायू भरलेला शॉकअप कापणे किंवा तापवणे तर धोक्याचेच.

स्ट्रट असेल तर सावधान!

अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र करून चाकाला आधार देणारा खांबच तयार केला. १९५० साली इंग्लंडमधील फोर्ड कॉन्सल या गाडीत तो आला. १९८३ साली आपल्याकडे आलेल्या मारुती ८०० च्या पुढच्या चाकांनाही हाच स्ट्रट होता. काही गाड्यांच्या मागच्या चाकांनाही स्ट्रट असतात.

पद्मिनीच्या मागे कमान वेगळी आणि शॉकअप वेगळा. शॉकअप काढला तरी कमान जागच्या जागी राहते. स्ट्रटमध्ये मात्र शॉकअपभोवतीच स्प्रिंग दाबून बसवलेली असते. ३,००० न्यूटन बलाने १५ सेंटिमीटर दबलेल्या स्प्रिंगेत २२५ ज्यूल ऊर्जा असते. एक किलोग्रॅमचा दगड सात मजली इमारतीवरून पडावा, तेवढी! वरचा नट सोडताच ती एका क्षणात मोकळी होते. म्हणून स्प्रिंग आवळून धरणाऱ्या खास शिकंजाशिवाय स्ट्रट कोणीही उघडू नये.

मुंबईच्या कुर्ल्यात बनलेल्या पद्मिनीने टॅक्सी म्हणून त्या शहराची दीर्घकाळ सेवा केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती त्या सेवेतून निवृत्त झाली. मामांची पद्मिनी पुढे आणखी काही वर्षे चालली. नवे शॉकअप बसवल्यावर आम्ही त्याच रस्त्याने पुन्हा वाईला गेलो. त्याच उखडलेल्या जागी मामांनी मुद्दाम, मागे-पुढे कोणी नाही असे पाहून, ब्रेक दाबला. गाडी एकदा झुकली आणि सरळ उभी राहिली. मामा हसून म्हणाले, "मी म्हणत होतो, गाडी म्हातारी झाली. म्हातारी झाली नव्हती, तिचा पाय जमिनीवर ठरत नव्हता!"

तुमच्या घरी, शेजारी किंवा शाळेत जुनी गाडी असेल, तर वडीलधाऱ्यांना सांगून तिची डिकी एकदा दाबून पाहा आणि हेलकावे मोजा.

विचार करा

१. भाराने एक स्प्रिंग २५ सेंटिमीटर दबते. तिचा दोलनकाल किती? तेवढ्याच लांबीचा लंबक टांगून उत्तर पडताळा.

२. टांग्याला कमानी असतात, शॉकअप नसतो. तरी तो फार वेळ डोलत नाही. का? (कमानीच्या पट्ट्या एकमेकींवर घासतात, हे ध्यानात घ्या.)

३. शॉकअपमध्ये इतके घट्ट तेल भरले, की दट्ट्या हलेचना. मग गाडीत बसणाऱ्याला काय जाणवेल? आणि चाकाच्या पकडीचे काय होईल?

४. सर्व जागा भरलेल्या आणि डिकीत सामान लादलेल्या गाडीचा दोलनकाल रिकाम्या गाडीपेक्षा कमी असेल की जास्त?